रोज दुखे त्याला कोण पुसे?

रोज मरे त्याला कोण रडे, अशी आपल्याकडे म्हण आहे. रोजच्या दुखण्याचंही अगदी तसंच असतं. ताप आला, पाय मोडला, ऑपरेशन झालं, की माणसं भेटायला येतात. शहाळी येतात, बिस्किटांचे पुडे येतात, माहेरचं कुणीतरी चार दिवस राहून जातं. पण कंबर सात वर्षं दुखतेय, गुडघे धरलेत, मानेतून हातात कळ जाते, असं दुखणं असेल तर पहिल्या महिन्यात विचारपूस होते, दुसऱ्या महिन्यात सल्ले मिळतात आणि तिसऱ्या महिन्यापासून घरातलेच म्हणायला लागतात, "हिचं काय, रोजचंच आहे!"

गंमत बघा, वैद्यकशास्त्रानेही नेमकी तीन महिन्यांचीच रेघ मारली आहे. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे जुनाट वेदना. फरक एवढाच, की शास्त्र म्हणतं तीन महिन्यांनंतर या बाईकडे जास्त लक्ष द्या, आणि घर म्हणतं आता लक्ष द्यायचं कारण नाही.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत बचत गटांच्या निमित्ताने माझं हिंडणं असतं. बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला आणि चहा आला की बायकांच्या खऱ्या गप्पा सुरू होतात, आणि त्या दहातल्या आठ वेळा दुखण्यावर येऊन थांबतात. कुणाच्या मणक्यात "गॅप" निघालेली असते, कुणाला वाताचा त्रास, कुणाच्या टाचा सकाळी जमिनीला टेकत नाहीत. कुणी उसाच्या खुरपणीला दिवस दिवस उकिडवी बसलेली, कुणी पहाटे पाचपासून गोठ्यात वाकलेली, कुणी शिलाई मशिनवर आठ तास मान घालून बसलेली. काहींचे सांधे तर चिकुनगुनियाने धरले ते धरलेच. २००६ साली आपल्या राज्यात त्याची मोठी साथ आली होती, २०२४ मध्ये पुणे भागात तो पुन्हा पसरला. ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र काहीजणींना महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं छळतात.

पण मैत्रिणींनो, आज मला कंबर-गुडघ्यांबद्दल लिहायचं नाही. त्या कंबरेमागे जे मन आहे, त्याबद्दल लिहायचं आहे. कारण चहाचा कप खाली ठेवता ठेवता बाई हळूच एक वाक्य बोलून जाते, "दुखण्याचं काही नाही हो ताई, पण आता जीवच लागत नाही कशात." आणि हे वाक्य कुठल्याच केसपेपरवर लिहिलं जात नाही.

दोन वाक्यं, दोन्ही अर्धवट

जुनाट दुखणं असलेल्या बाईला दोन वाक्यं नेहमी ऐकावी लागतात. पहिलं, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही." दुसरं, "सगळे मनाचे खेळ आहेत, मन रमवा." पहिल्या वाक्याने तिला खोटं ठरवलं जातं, दुसऱ्याने कमकुवत. दोन्ही ऐकून ती घरी येते आणि दोनच गोष्टी करते. एकतर डॉक्टर बदलते, नाहीतर बोलणं बंद करते.

खरं काय आहे? जगभरातल्या वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. दोन्ही व्याख्यांत एक गोष्ट कायम आहे. वेदना हा शरीराचा अनुभव आहे आणि त्याच वेळी तो भावनेचाही अनुभव आहे. म्हणजे "शरीरात आहे की मनात आहे" हा प्रश्नच चुकीचा. सुधारित व्याख्येसोबत त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा आदर करावा. आपल्या सासूबाईंनी, नवऱ्याने आणि काही डॉक्टरांनीही ही ओळ देवघरात लावून ठेवावी अशी आहे.

हे नेमकं कसं चालतं, ते समजायला आपल्याला लांब जायला नको. आपला नीरा डावा कालवा डोळ्यांपुढे आणा. कालव्याला पाणी आलं तरी ते आपोआप आपल्या सरीत येत नाही. मध्ये चारी असते, चारीला दार असतं, आणि ते दार किती उचलायचं ते पाटकरी ठरवतो. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं, की वेदनेचंही असंच आहे. कंबरेतून, गुडघ्यातून निघालेला निरोप मज्जारज्जूत येतो, तिथे जणू एक दार असतं. ते किती उघडायचं, यात मेंदूचाही हात असतो. पायाला ठेच लागली की आपण पटकन तिथे चोळतो आणि बरं वाटतं, कारण चोळण्याच्या स्पर्शाने ते दार थोडं खाली येतं. आणि रात्रभर झोप नसेल, घरात भांडण झालं असेल, मुलीच्या लग्नाची काळजी असेल, तर तेच दार सताड उघडं राहतं. मूळ दुखणं तेवढंच, पण सरीत येणारं पाणी दुप्पट.

दुसरी गोष्ट. वस्तीवरचा कुत्रा चोर आला की भुंकतो, ते त्याचं कामच आहे. पण काही कुत्री चोर जाऊन महिना झाला तरी भुंकत राहतात, आणि पुढे पुढे तर पान हललं तरी भुंकतात. जुनाट दुखण्यात आपल्या नसांचं आणि मेंदूचं असंच होऊ शकतं. जखम भरलेली असते, एमआरआयत फारसं काही दिसत नाही, पण राखणीची यंत्रणा इतकी हळवी झालेली असते की साध्या वाकण्यालाही ती बोंब मारते. अशा वेळी दुखणं शंभर टक्के खरं असतं आणि रिपोर्टही खरा असतो. बाई खोटं बोलत नाही आणि मशीनही खोटं बोलत नाही.

म्हणूनच दुखणं आणि उदासी हातात हात घालून येतात. दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून चिडचिड, चिडचिडीने मुलांवर हात उठतो, मग स्वतःचाच राग येतो, त्या विचारात पुन्हा झोप नाही, आणि सकाळी दुखणं कालच्यापेक्षा जास्त. हळूहळू बाई हळदीकुंकवाला जायची बंद होते, लग्नात "बसवत नाही" म्हणून जात नाही, नवऱ्याजवळ जायलाही नको वाटतं आणि ते सांगायचीही चोरी. शेवटी मनात एकच वाक्य घोळतं, "मी घरावर ओझं झालेय." हे वाक्य आलं की समजावं, आता नुसत्या तेलाने भागणार नाही.

पिशवी काढली, दुखणं राहिलं

मनाकडे न बघता फक्त दुखण्याचा अवयव शोधत बसलं की काय होतं, याचं सर्वांत भयंकर उदाहरण दर हंगामात आपल्याच दारात येऊन उभं राहतं. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात बीडकडच्या टोळ्या उतरतात, कोपी उभ्या राहतात. नवराबायको मिळून एक कोयता. बाई अंधारात उठते, भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढवते. एक दिवस कामाला गेली नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात.

या बायकांमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. यातल्या कितीतरी बायका ऐन तिशीतल्या.

त्या डॉक्टरकडे कशासाठी गेल्या होत्या? कुणाच्या ओटीपोटात दुखत होतं, कुणाच्या अंगावरून पांढरं जात होतं, कुणाची कंबर धरली होती. "पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल," असं सांगितलं गेलं आणि कर्ज काढून ऑपरेशनं झाली. बायांनो, नीट ध्यानात घ्या. पिशवी काढणं हा कंबरदुखीचा इलाज नाही. मोळ्या उचलून धरलेली कंबर ऑपरेशननंतरही तशीच राहते. वर पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर तिशीतल्या बाईला एका रात्रीत पन्नाशीचं शरीर मिळतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, मन खचतं. एका दुखण्यावर दुसरं दुखणं आणि त्यावर कर्जाचा डोंगर!

हा फक्त बीडचा प्रश्न नव्हता. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांबद्दलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना आदेश दिला, की अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. आदेश झाला, चांगलं झालं. पण आदेशाने बाईचं दुखणं कुणी ऐकून घेत नाही. ते माणसालाच ऐकावं लागतं.

गडचिरोली आणि गोवा

ऐकणं आणि तपासणं, दोन्ही का हवं, हे दोन अभ्यासांनी फार छान दाखवलं आहे. दोन्ही आपल्या आसपासचे.

पहिला गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार निघाला. आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. यातल्या कितीतरी बायकांची काही तक्रारच नव्हती. बाईच्या जातीला हे चालायचंच, असं धरून त्या जगत होत्या.

दुसरा गोव्याचा. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांना विचारलं, तपासलं, आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. अंगावरून जाण्याची तक्रार असलेल्या अनेकींना जंतुसंसर्ग नव्हताच. त्या तक्रारीशी जास्त घट्ट नातं होतं ते काळजी, उदासी आणि घरातल्या ताणाचं.

वरवर पाहता हे अभ्यास एकमेकांच्या उलट वाटतील. माझ्या मते ते एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. गडचिरोली सांगते, बाई गप्प आहे म्हणून ती निरोगी आहे असं समजू नका, तपासा. गोवा सांगतो, बाई ज्या अवयवाचं नाव घेते तिथेच दुखणं संपतं असं समजू नका, विचारा. आपल्याकडे धड तपासणीही होत नाही आणि विचारपूसही होत नाही. होतं काय, तर सुई, सलाईन आणि शेवटी ऑपरेशन.

मग करायचं काय?

आधी एक गोष्ट. दुखण्याचं निदान एकदा नीट, शिकलेल्या डॉक्टरकडून करून घ्या. लघवी-संडासचा ताबा जाणं, पाय बधिर किंवा लुळा पडणं, ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, यातलं काही असेल तर दिवस काढू नका, लगेच दवाखाना गाठा. पण हे काही नसेल आणि निदान एकदा झालं असेल, तर दर महिन्याला नवा डॉक्टर आणि नवा एमआरआय करून पैसे घालवू नका.

दर बाजारच्या दिवशी टोचून घ्यायची सुई आणि कुणीतरी दिलेली बिननावाची पुडी, या दोन्हींपासून लांब राहा. पुडीने दोन दिवसांत "जादू" झाली तर आनंद नको, शंका यायला हवी. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचं वेळोवेळी उघड झालं आहे. आणि दुखण्याच्या गोळ्या मनाने वर्षानुवर्षं घेतल्या तर पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

कंबरदुखीबद्दल तर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, तेव्हा आपण एकट्या नाही हे आधी समजून घ्या. त्या मार्गदर्शिकेत काय चांगलं म्हटलंय? दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, मसाजसारखे काही हाताने करायचे उपचार आणि मनाच्या उपचारपद्धती. आणि नेहमीचा उपाय म्हणून काय नको म्हटलंय? कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणं. आपल्याकडे उलटं आहे. पट्टा घरोघरी खुंटीला टांगलेला, आणि व्यायाम सांगितला की "आम्ही दिवसभर कामच करतो की" हे उत्तर तयार! काम म्हणजे व्यायाम नव्हे बायांनो. कामात एकच स्नायू शंभर वेळा पिळला जातो, व्यायामात सगळ्यांना सारखं वळण मिळतं.

दुसरी गोष्ट, कामाची पाळी बांधा. आपल्याकडे काय होतं? एखाद्या सकाळी अंग हलकं वाटतं. मग त्याच दिवशी सगळं धुणं, माळा झाडणं, वर पाच किलोच्या कुरडया! आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. "काम केलं की दुखतंच," अशी भीती बसते, मग हालचाल कमी, मग अंग आखडतं. याला उपाय एकच. चांगल्या दिवशीही ठरवल्यापेक्षा जास्त करायचं नाही आणि वाईट दिवशीही थोडं का होईना करायचंच. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं पाठ टेकणं. कालव्याचं पाणी पाळीनेच घ्यावं लागतं, एकाच दिवशी सगळं भिजवायला गेलं की बांध फुटतो.

तिसरी गोष्ट जरा उलटी वाटेल. आपण म्हणतो, मन लागलं की करीन. मनाचे डॉक्टर म्हणतात, आधी कर, मग मन लागेल. गोव्यात याचा मोठा प्रयोग झाला. 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या माणसांसाठी गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना शिकवून तयार केलं. सहा ते आठ भेटी. त्यात एवढंच, की तुला पूर्वी काय आवडायचं, त्यातलं छोटंसं काय या आठवड्यात करशील, अडचण काय येईल, ती कशी सोडवायची. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतर या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. दुखणाऱ्या बाईलाही हे लागू आहे. अंगणात दोन रोपं, शेजारणीबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत चालणं, जुनी विणकामाची पिशवी. लहान असू द्या, पण ठरलेल्या वेळी आणि फक्त आपल्यासाठी.

आषाढात तुकोबांची पालखी आपल्या भागातून जाते तेव्हा बघा. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर. त्यात साठी-पासष्टीच्या, गुडघे दुखणाऱ्या किती बाया चालत असतात! घरी जिना चढवत नाही आणि इथे कोसच्या कोस कसं जमतं, असं कुणी हसत विचारतं. मी म्हणते, हसू नका, त्यातून शिका. तिथे सोबत आहे, ताल आहे, पोचायचं ठिकाण आहे आणि "तू ओझं आहेस" असं म्हणणारं कुणी नाही. चारीचं दार खाली येणारच. गुडघा तोच असतो, पण त्याच्यामागचं मन वेगळं असतं.

चौथी गोष्ट औषधांची. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिनसारखी गोळी लिहून दिली आणि मेडिकलवाल्याने सांगितलं की ही डिप्रेशनची आहे, की बाई गोळ्या तिथेच ठेवून घरी येते. "मला काय वेड लागलंय?" तर तसं नाही. ही औषधं काही प्रकारच्या जुनाट दुखण्यांवरही दिली जातात, कारण वेदनेचं दार आणि उदासीचं दार मेंदूतली सारखीच रसायनं उघडझाप करतात. ती मनाने सुरू करू नका आणि मनाने एकदम बंदही करू नका, एवढंच पाळा.

आणि शेवटची, सगळ्यांत महत्त्वाची. "मेले तर सुटेन" असा विचार येत असेल तर तो कुणाला तरी सांगा, आजच सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. रात्री दोनलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अशा महाविद्यालयात मनोविकारांचा विभाग असावाच लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी व्यवस्थेकडून मनाचे उपचार मिळणं हा आपला हक्क आहे. तिथे जाणारी बाई वेडी नसते, शहाणी असते.

घरानेही काहीतरी करावं

हे सगळं बाईनेच करायचं, असं मात्र मी म्हणणार नाही. दुखणाऱ्या बाईला "सकारात्मक राहा" सांगून पाण्याचा हंडा तिच्याच कमरेवर ठेवायचा, याला काय अर्थ आहे? ओटा उंच करायला, दळणाचा डबा गाडीवरून आणायला, धार काढायला मुलाला उठवायला फार पैसे लागत नाहीत. नवऱ्याने रोज "कसं वाटतंय" विचारायचीही गरज नाही, त्याने उलट दुखण्याचीच आठवण होते. "आज तुझ्या हातचं कुठलं काम मी करू?" एवढं विचारलं तरी पुष्कळ.

आणि सरकारी यंत्रणेकडून मला एकच मागणं मागायचं आहे. नवीन योजना नको. आशाताई तिशीवरच्या माणसांचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात मधुमेह, रक्तदाब, कॅन्सरबरोबर मनाचे दोन प्रश्न आधीपासून आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, हताश वाटतंय का. हे दोन प्रश्न खरोखर विचारले जावेत. उंबऱ्यात उभं राहून, सासूसमोर, एका दमात नव्हे, तर बाईला बाजूला घेऊन, तिच्याकडे बघून. आशाताईंवर आधीच कामाचा भार आहे, तेव्हा या वेळेचं मानधनही त्यांना मिळावं. आणि हंगामात कोपीवरच्या बायकांपर्यंत हा फॉर्म पोचावा, कारण त्या गावी असतात तेव्हा हंगाम नसतो आणि हंगामात असतात तेव्हा गावच्या यादीत नसतात. ज्यांच्या डोक्यावरून साखर कारखान्यात जाते, त्यांची चौकशी करायला कारखान्यांनी गाडी आणि एक नर्स द्यायला काय हरकत आहे?

तोवर आपण काय करू शकतो? आफ्रिकेत झिंबाब्वे नावाचा देश आहे. तिथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये चौदा आजीबाईंना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. ज्याचं मन जड झालंय त्याने आजीशेजारी येऊन बसायचं आणि बोलायचं. तिथल्या भाषेत उदासीला जो शब्द आहे, त्याचा अर्थच "फार विचार करणं" असा आहे. आपल्याकडच्या बायाही हेच म्हणतात की नाही, "लई विचार येत्यात डोक्यात"? आज तो बाक अनेक देशांत पोचला आहे.

आपल्याला बाकही नको. आपल्याकडे बचत गट आहेत, महिन्याला ठरलेली बैठक आहे, एकमेकींची घरं माहीत आहेत. पुढच्या बैठकीत हप्ते मोजून झाले, की पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. जिचं रोज दुखतं तिला बोलू द्या. सल्ला देऊ नका, अमक्या वैद्याचा पत्ता देऊ नका, "माझं तर तुझ्यापेक्षा जास्त" असंही म्हणू नका. नुसतं ऐका. एखादी गेल्या दोन बैठकांना आली नसेल, तर हप्ता राहिला म्हणून नव्हे, तिला बघायला म्हणून तिच्या घरी जा. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो म्हणतात. काही दुखणी तर पूर्ण जातही नाहीत. पण ती सोसणाऱ्या बाईजवळ बसायला कुणी आलं, तर तिचा पुढचा दिवस सोपा जातो. तेवढं तर आपण एकमेकींसाठी करू शकतो.